डोळ्यापुरती दुरुस्ती

चिमणीचं खरं नाव आता फक्त तिच्या बँकेच्या पासबुकालाच ठाऊक होतं. दादानं लहानपणी ठेवलेलं टोपणनाव पंचेचाळिशीतही तिला चिकटून होतं. जो माणूस जन्मभर ससाण्यांच्या मागे डोंगर चढला, त्यानं सख्ख्या बहिणीला चिमणी म्हणावं, यावर गल्लीतले सगळे विनोद केव्हाच करून झाले होते.

आईवडील लवकर गेले. दादानंच तिला वाढवलं आणि त्या धबडग्यात लग्नाचं दोघांचंही राहून गेलं. खाली फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या, एवढा त्यांचा संसार. आठवडाभर चिमणी कॉम्प्युटरवर नवऱ्या मुलींच्या गालांवरचे मुरूम पुसायची, नवरदेवांच्या टकलावरची चकाकी उतरवायची आणि रविवारी दादा डोंगरावरून आला की त्याचे पक्षी हाती घ्यायची. आभाळातले धुळीचे ठिपके काढायचे, सावलीतली पिसं थोडी उजळायची, बस्स. पक्षी आहे तसाच राहिला पाहिजे, ही दादाची सक्त ताकीद होती. माणसांना काय हवं ते कर, म्हणायचा, ती तशीही खोटंच दिसायला येतात.

त्याचं आणखी एक खूळ होतं. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू द्यायचा नाही. "त्या यंत्राला फांदी काय नि पाखरू काय, सारखंच. पक्ष्याचा डोळा आपण धरायचा. डोळा आला की पक्षी आला." मग डावा डोळा गच्च मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून, लेन्सची कडी केसभर इकडे, केसभर तिकडे करत तो तासन्‌तास बसून राहायचा.

गेल्या वर्षी कड्यावरच्या ससाणा मादीचे फोटो आले आणि पहिलाच उघडल्यावर चिमणीच्या कपाळाला आठी पडली. मादी ऐटीत बसली होती, पण तिचा डोळा भुरकट. पुढच्या फोटोतही तेच. धुकं असेल, हात हलला असेल, असं म्हणून चिमणीनं फोटोला जरा धार दिली. पुढच्या खेपेला धार देऊनही भागेना. तेव्हा तिनं जुन्या फोटोतून त्याच मादीचा, त्याच बाजूनं टिपलेला डोळा उचलला आणि नव्या फोटोत बसवला. भोवतीची पिवळी कड, आतला काळाभोर गोल, त्यातला उजेडाचा कण, सगळं बेमालूम. लग्नाच्या फोटोत डोळे मिटून बसलेल्या वऱ्हाड्यांवर ती वर्षानुवर्षं हीच युक्ती करत आली होती.

दादा फोटो पाहून बेहद्द खूश झाला. "साठी आली तरी हात बघ माझा," म्हणाला. ते ऐकून कुठल्या बहिणीच्या तोंडातून खरं निघालं असतं? वय कुणाला चुकलंय, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. गप्प बसायचं असलं की माणसाला म्हणी फार लवकर सुचतात.

त्यानं विचारलं नाही असं नाही. एकदा जेवताना म्हणाला, "चिमणे, कॅमेऱ्यातून हल्ली धुरकट दिसतंय. फोटो नीट येताहेत ना? खरं सांग."

"छान येताहेत की."

तरी त्यानं कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं खोलून, पुसून परत दिला आणि यात काही बिघाड नाही म्हणाला. घरी येऊन दादानं पुन्हा विचारलं, "तू काही करत नाहीस ना फोटोंना?"

"ठिपके काढते. नेहमीसारखे."

मग त्याच्या जिवाला स्वस्थता आली. फोटो स्वच्छ येतात, म्हणजे डोळ्याला काही झालेलं नाही. कॅमेऱ्याला डोळा लावतो तिथलीच काच जुनी झाली असणार. एरवी दोन्ही डोळे उघडे असताना तो पेपर वाचत होता, गल्लीच्या टोकाची पाटी वाचत होता. कॅमेरा सोडला तर एक डोळा मिटून बघायची वेळ माणसावर येते कधी?

यंदा त्याला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मधोमध फुगीर दिसते म्हणाला आणि सुताराला बोलावलं. सुतारानं ओळंबा सोडला, वरून खाली पाहिलं, मग बराच वेळ दादाकडे पाहिलं. "चौकट माझ्यापेक्षा सरळ आहे, दादा," तो म्हणाला. "तुम्ही डोळे दाखवून घ्या."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सावकाश तपासलं. "डाव्या डोळ्याचा पडदा आत्ताच बिघडायला लागलाय," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं देऊन तो बराचसा राखता येईल. उजव्याचा मधला भाग मात्र गेला. कडेचं दिसेल, समोरचं नाही. तो आता परत यायचा नाही."

"आणि आधी आलो असतो तर?"

"वर्षभर आधी आला असतात तर तोही राखता आला असता. एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून लोकांना कळत नाही. पण तुम्ही तर याच डोळ्यानं फोटो काढता. फोटोत दिसलं नाही?"

"फोटो तर झकास येत होते," दादा म्हणाला. "हिला विचारा, हिच्या हातून जातात सगळे."

इथेही गप्प बसणं चिमणीला जमलं असतं, पण आता झाकायला मूठच उरली नव्हती. "झकास येत नव्हते," ती म्हणाली. "डोळे मी बसवत होते. जुने."

मग डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "यांनी कधी विचारलं नाही तुम्हाला, फोटो कसे येताहेत म्हणून?"

तिनं तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला. "नाही. मी कधी विचारलंच नाही. माझंच चुकलं."

घरी आल्यावर त्यानं न सुधारलेले फोटो उघडायला लावले. उजव्या डोळ्यावर तळहात धरून तो एकेक बघत राहिला. मादी अंडी उबवताना, मादी पिलांना भरवताना, मादी थेट त्याच्याकडे रोखून बघताना. प्रत्येक फोटोत डोळ्याच्या जागी एक भुरका डाग होता. "ही माझ्याकडे बघत होती," तो म्हणाला, "आणि मला पत्ताच नाही."

"दादा, तू विचारलं होतंस मला. दोनदा."

"मला नाही आठवत."

"तुला आठवतंय."

"इंजेक्शन कुठल्या वारी म्हणाल्या गं त्या?" एवढंच विचारून तो हात धुवायला उठला.

पुढे सुतारानं विचारलं, दुरुस्तीवाल्यानं विचारलं, गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी तर हमखास विचारलं. सगळ्यांना दादा तेच सांगत राहिला: बहिणीला मी कधी विचारलंच नाही, तिला बिचारीला काय ठाऊक. चिमणी शेजारी उभी राहून ऐकायची. त्यानं एकदा जरी चारचौघांत तिला शिव्या घातल्या असत्या, तर तिला पोटभर रडता आलं असतं.