सत्तावीस नंबरचे दोघे

टाचणीबाईंना आजवर कुणी तोंडावर टाचणीबाई म्हटलेलं नाही. तेवढी कुणाची छातीच नाही. पण शाळा बंद होऊन एकोणीस वर्षं झाली तरी त्यांना रस्त्यात बघितलं की साठीचे बाप्ये शर्टाची बटणं चाचपून बघतात. बाई शिवणकाम शिकवायच्या, हजेरी घ्यायच्या आणि वेळ पडली की टोचायच्या. आता शहात्तराव्या वर्षीही टोचण्याचं काम चालूच आहे, फक्त पगार बंद झालाय.

शाळा म्हणजे तयारी शाळा. लहान पोरांना चार वर्षं घासूनपुसून तयार करायचं आणि दूरच्या मोठ्या शाळेच्या परीक्षेला बसवायचं, एवढंच तिचं काम. मोठी शाळा वसतिगृहाची होती. तिथे गेलेलं पोर सुट्टीलाच घरी यायचं आणि बहुतेक वेळा साहेब होऊनच बाहेर पडायचं. तयारी शाळेच्या इमारतीत आता वजनमापांचं कार्यालय आहे. जिथे पोरं पाढे घोकत तिथे दुकानदारांचे तराजू तपासतात. बाईंना हे पसंत आहे. निदान अजून तिथे कुणीतरी बरोबर-चूक बघतंय, असं त्या म्हणतात.

तर झालं असं की, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने शाळेचा इतिहास छापायचं ठरवलं आणि लिहायला बाईंना बसवलं. इतिहास वीस पानं आणि नामवंत विद्यार्थी चाळीस पानं, असा मंडळाचा हिशोब. नामवंतांना मोठेपणी बघणारे पुष्कळ होते. बाईंनी त्यांना सहाव्या वर्षी बघितलं होतं. नावाजलेला सर्जन बोटाला सुई टोचली म्हणून बाकाखाली बेशुद्ध पडला होता. मंत्री झालेल्याच्या चड्डीची नाडी दुसरीपर्यंत बाईच बांधत होत्या. रेडिओवर गाजलेली गायिका हजेरीला 'हजर' म्हणायची ते शेजारच्या पोरीलासुद्धा ऐकू येत नसे. बाईंनी हे सगळं लिहिलं आणि मंडळाच्या चिटणिसाने, म्हणजे वकिलाने, ते सगळं खोडलं. तोही त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे खोडलं ते पेन्सिलीने.

गुरुवारी तो घरी आला. पानं सोमवारी छापखान्यात जायची होती.

"बाई, एक घोळ सापडलाय," तो म्हणाला. "नामवंतांच्या यादीत पहिलं नाव आपल्या पूलवाल्या साहेबांचं. देशभर त्यांनी बांधलेले पूल आहेत. पण प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नावच नाही. त्या वर्षी सत्तावीस नंबरला त्यांच्या थोरल्या भावाचं नाव आहे."

"मग?"

"लिहिणाऱ्याची चूक असणार. पुस्तकात त्या रजिस्टरची यादी छापताना आपण थोरल्याच्या जागी धाकट्याचं नाव घालू. विषय संपला."

"लिहिणारी मी होते," बाई म्हणाल्या. "आणि चूक नाही ती. थोरल्याचं नाव खोडायचं नाही."

"अहो, पण तो शिलाई मशिनं दुरुस्त करतो. त्याचं नाव यादीत कशाला?"

"तू रविवारी सभेला ये. तोवर पानाला हात लावायचा नाही."

वकील चहा अर्धा टाकून गेला. बाईंनी दार लावलं. बावन्न वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आता बाहेर काढावी लागणार होती.

गोष्ट अशी. शाळेत तीस जागा आणि नियम कडक, एका घरातलं एकच मूल. एका माणसाला दोन मुलगे होते, वर्षाच्या अंतराचे, चेहऱ्याने एकसारखे. त्याने थोरल्याचं नाव घातलं आणि पाठवले मात्र दोघेही, एक दिवस थोरला, एक दिवस धाकटा. गणवेश एक, दप्तर एक, नंबर सत्तावीस. रात्री जो शाळेत गेला तो दुसऱ्याला सगळं शिकवायचा. त्यामुळे फळ्यावरचं काही कुणाचं चुकत नसे.

बाईंच्या मात्र तिसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं. सोमवारी हे पोर सुई डाव्या हाताने धरायचं आणि मंगळवारी उजव्या हाताने. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, नोकरी नवी. बोलल्या असत्या तर त्याच दिवशी दोघांचीही शाळा सुटली असती. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी रोज सत्तावीसपुढे 'हजर' लिहिलं आणि आज कोणाची पाळी हे मनातल्या मनात मोजत राहिल्या. खोटी हजेरी मांडली, पण खोटी तरी कशी म्हणायची? पोर हजर होतंच की.

चौथ्या वर्षी मोठ्या शाळेची परीक्षा आली. पहिल्या दिवशी गणित, दुसऱ्या दिवशी भाषा. परीक्षक बाहेरचे, आणि शाळेच्या शिक्षकांना त्या दोन दिवशी फाटकाच्या आत यायची बंदी. निकालात सत्तावीस नंबरला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, भाषेत त्रेपन्न. जागा मिळाली. पण वसतिगृहात आलटून पालटून कसं राहणार? एकालाच जाता येणार होतं. बाप दोघांना घेऊन बाईंच्या घरी आला आणि म्हणाला, तुम्हाला सगळं ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, आता तुम्हीच सांगा कोणाला पाठवू.

बाईंनी मनात पाळ्या मोजल्या. शनिवारी धाकटा, सोमवारी थोरला, म्हणजे मंगळवारी गणिताला धाकटा. "ज्याचं गणित, त्याने जावं," त्या म्हणाल्या. "धाकट्याला पाठवा." आणि धाकट्याच्या नावाचा दाखला त्यांनी स्वतः लिहिला. मुख्याध्यापक सह्या न वाचता करत, तशी त्याच्यावरही केली. धाकटा पूलवाला झाला. थोरला दहाव्या वर्षी मशिनच्या दुकानात हाताखाली लागला. निवड बरोबर झाली, याबद्दल बाईंच्या मनात कधी शंका आली नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की थोरल्याचं नाव निदान पुसलं जाऊ नये.

शुक्रवारी सकाळी त्या वजनमापांच्या कार्यालयात गेल्या. शाळेचे जुने कागद तिथे माळ्यावर पडून होते. कारकून म्हणाला, आजी, शिडी चढू नका. बाई म्हणाल्या, मग तू चढ. दोन तासांत धुळीने माखलेले सतरा गठ्ठे खाली आले. त्यात त्या वर्षीच्या परीक्षेचा गठ्ठा होता आणि त्यात सत्तावीस नंबरची गणिताची उत्तरपत्रिका.

बाईंनी ती उघडली. प्रत्येक ओळीवरून शाई फासलेली होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईच्या मागे राहतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा त्याच शाईवरून पुढे सरकतो. भाषेची उत्तरपत्रिका काढली, ती स्वच्छ होती.

दोघांत डावखुरा होता तो थोरला. गणित थोरल्याने लिहिलं होतं.

मग त्यांना आठवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, बाकं मांडायची म्हणून शाळा बंद होती. त्यांनी तो दिवस मोजला. पोरांनी कशाला मोजावा, शाळाच नव्हती तर? पाळी एका दिवसाने पुढे गेली आणि बाईंनी भलत्याच पोराला पाठवलं. त्या तिथल्या स्टुलावर बसल्या. शेवटच्या पानावर लाल शाईत एक शेरा होता, तोही त्यांनी वाचला. कारकुनाने पाणी आणून दिलं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी ते पाणी तसंच परत केलं.

पण बाई घरी जाऊन अंथरुणाला खिळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या तिथून सरळ थोरल्याच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक खोली. चारी भिंतींना मशिनं आणि मधे अठ्ठावन्न वर्षांचा थोरला, एका मशिनचं पोट उघडून बसलेला. पेचकस डाव्या हातात. बाईंना बघून तो उठला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बस," बाई म्हणाल्या. "गणिताचा पेपर तू लिहिला होतास."

त्याने पेचकस खाली ठेवला. "हो."

"मी धाकट्याचं नाव घेतलं तेव्हा तू माझ्यासमोर उभा होतास. बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाई?"

थोरला रागावलेला नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं.

"तुम्ही चुकाल असं मला वाटलंच नाही," तो म्हणाला. "दहा वर्षांचा होतो मी. म्हटलं, बाईंना ठाऊक असून म्हणतायत, काहीतरी कारण असेल. घरी आल्यावर धाकट्याने रडून गोंधळ घातला, मी जाणार नाही म्हणून. मीच दम दिला त्याला. गप बस, म्हटलं, आता कुणी तोंड उघडलं तर दोघांचंही जाईल. आणि चांगला निघाला की तो. एकही पूल पडला नाही अजून."

"तुझं नाव पुस्तकात येणार. गणितासकट."

"राहू द्या ना, बाई. उगाच लोक बिचारा बिचारा करत येतील. मी काही बिचारा नाही. माझ्या हातचं मशिन वीस वर्षं कुरकुरत नाही." त्याने पुन्हा पेचकस उचलला, मग थांबला. "एक मात्र सांगा. माझी सगळी उत्तरं बरोबर होती. त्या रात्री धाकट्याला बसवून एकेक पुन्हा करून बघितलं होतं. दोन मार्क कुठे गेले?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षं या माणसाने जागा गेल्याबद्दल ब्र काढला नव्हता, पण दोन मार्क सोडले नव्हते. हा माझाच विद्यार्थी, असं त्यांना वाटलं आणि रडू आलं. पण त्या रडल्या नाहीत.

"रविवारी दहा वाजता शाळेत ये," त्या म्हणाल्या. "तिथेच दाखवते."

रविवारी शाळेच्या जुन्या हॉलमध्ये तराजू भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पंचवीसेक माणसं होती. पूलवाला पहिल्या रांगेत बसला होता. थोरला आला तो दारापाशीच उभा राहिला.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी लिहून आणलेलं वाचलं. सत्तावीस नंबरला दोन विद्यार्थी होते. हजेरी दोघांची मिळून एक मांडली, मांडणारी मी. गणितात अठ्ठ्याण्णव गुण थोरल्याने मिळवले. मी दिवस मोजायला चुकले, कुणाला विचारलं नाही, आणि दाखला धाकट्याच्या नावाने लिहिला. खाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं होतं.

"बाई," वकील हलकेच म्हणाला, "हे छापलं तर तुमची काय शोभा राहील?"

"शोभेला मी काय फुलदाणी आहे? छापायचं."

"पण साहेबांचाही विचार करायला हवा. त्यांच्या नावाला..."

"साहेब इथेच बसलेत," पूलवाला म्हणाला आणि उठला. "भाषेचा पेपर माझा. त्रेपन्न मार्क. मोठ्या शाळेत पहिली दोन वर्षं मी गणितात नापासच होत होतो. दादा दर आठवड्याला पत्रातून उदाहरणं सोडवून पाठवायचा. दुकानाच्या बिलांच्या मागे लिहून. हे मी आजवर कुठे सांगितलं नाही. दादा सांगू देत नाही. बाई, हेही घाला त्यात."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. थोरल्याला ते मुळीच आवडलं नाही. तो तरातरा पुढे आला आणि बाईंच्या टेबलापाशी थांबला.

"पेपर," तो म्हणाला.

बाईंनी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून एकेक उदाहरण तपासलं. घाई केली नाही. शेवटच्या पानावर आला आणि लाल शेरा मोठ्याने वाचला. "सर्व उत्तरे बरोबर. अस्वच्छतेबद्दल दोन गुण वजा."

त्याने आपला डावा हात उलटा करून बघितला. करंगळीखालच्या कडेला मशिनच्या तेलाचा काळा पट्टा होता.

"मी म्हणत होतो ना," धाकटा त्याच्या खांद्यामागून म्हणाला, "तुझं काही चुकलेलं नाही."

वकिलाने पेन पुढे केलं. "बाई, मग शंभरच लिहूया का? आता कोण विचारतंय."

बाईंनी थोरल्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी विचारलं. "काय लिहू?"

"अठ्ठ्याण्णवच लिहा," थोरला म्हणाला. "डाग होताच. पण कशाने पडला तेही लिहा."

बाईंनी पेन उघडलं आणि लिहायला बसल्या. थोरला शेजारी उभा राहून एकेक शब्द वाचत होता, आणि वाक्य पुरं होईपर्यंत तिथून हलला नाही.