सत्त्याहत्तरीचं ज्युनिपर

मोहावीच्या वाळवंटातलं ज्युनिपरचं झुडूप उपटलं तर लगेच मरत नाही, आणि मेलं तरी लगेच कळू देत नाही. मुळं कोरडी ठाक पडली तरी पाला वर्षभर हिरवा मिरवत राहतो. आमच्या कॅलिफोर्नियातल्या गार्डीना गावच्या बोन्सायवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तोकुजी हामासाकीलाही ठाऊक होतं. नसतं, तर त्याला निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती.

तोकुजी गोऱ्यांच्या बंगल्यांची हिरवळ कापून पोट भरायचा, पण जीव कुंड्यांत. आमच्या बोन्साय मंडळाची माणसं वाळवंटात जायची ती थंडीत. झुडपाभोवती सावकाश खणायचं, मुळं मातीसकट गोणपाटात बांधायची, मग उचलायचं. तोकुजीला भर जूनमध्ये रस्त्यालगत एक झुडूप दिसलं. बुंधा पिळलेल्या धुण्यासारखा, अर्धं लाकूड उन्हानं पांढरं पडलेलं. थंडीपर्यंत दुसरा कोणी नेईल म्हणून या शहाण्यानं तिथंच पहार घातली. खडकात शिरलेलं मूळ काडकन तुटलं आणि हाती आलं ते जवळजवळ बोडकं खोड. तरी त्यानं कुंडीत लावलं. ऑक्टोबरात नखानं साल खरवडून बघितली, तर आत सगळं तपकिरी. पाला हिरवा, झाड खलास.

त्याच महिन्यात फुरुया सेन्सेईंची सत्त्याहत्तरी आली. आम्हा जपान्यांत हा वाढदिवस मोठा. तोकुजीच्या हाती कात्री दिली ती याच गुरूंनी. गुडघे गेल्यापासून म्हाताऱ्याचं वाळवंट सुटलं होतं आणि त्याची हळहळ ते येता-जाता बोलून दाखवायचे. मंडळातला जो तो काहीतरी भारी भेट घेऊन येणार होता. तोकुजीनं ते ज्युनिपर नेऊन ठेवलं. उन्हाळ्यात वाळेल, झाडं काय वाळतातच, अशी मनाची समजूत घातली. लोक बघतच राहिले. सेन्सेईंनी बुंध्यावरून हात फिरवला आणि चारचौघांत डोळे पुसले. तोकुजीला लाज वाटली, नाही असं नाही, पण लोक पाठ थोपटायला लागले तशी ती त्यानं साकेच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

पुढच्या ऑगस्टमध्ये सेन्सेई त्याच्या दारात उभे. उकाड्यात कोट घातलेला. कमरेत वाकले ते वर येईनात.

"सेन्सेई, हे काय! आत या ना."

"आधी बोलू दे मला. तोकुजी, तुझं झाड मी मारलं."

तोकुजीनं दंड धरून त्यांना उभं करायला बघितलं, पण म्हातारा वाकूनच बोलत राहिला.

"पाणी जास्त झालं की कमी, तेच कळलं नाही रे. उन्हात ठेवलं, सावलीत ठेवलं. उभ्या जन्मात असं ज्युनिपर हातचं गेलं नव्हतं. आता हातच कामातून गेले म्हणायचे."

"झाडं काय, जातातच की..."

"कोणी मायेनं दिलेलं जाऊ द्यायचं नसतं. बाकीची झाडं मंडळाला वाटून टाकतोय. माझ्यापायी त्यांचे हाल नकोत. आधी तू ये, हवं ते घेऊन जा."

आतून त्याची बायको किनुए चहा घेऊन आली. "अहो, सेन्सेईंना दारातच काय उभं केलंय? घरात जागा नाही का आपल्या?"

 आणि नेमक्या त्याच वेळी तोकुजीच्या डोळ्यांपुढे काय यावं? सेन्सेईंचा जुना काळा पाइन, ज्याच्यावर सगळ्या मंडळाचा डोळा होता. क्षणभर त्यानं तो आपल्या अंगणात कुठं ठेवायचा तेही ठरवलं. मग मात्र त्याला स्वतःची शिसारी आली.

"ते मेलेलंच होतं, सेन्सेई."

"काय?"

"दिलं तेव्हाच. जूनमध्ये खणलं, मूळ तोडलं. साल खरवडून बघितली होती मी. ठाऊक होतं मला."

 सेन्सेई आपल्या हातांकडे बघत होते, उलटे करून, सुलटे करून. आता कानाखाली बसणार, असं तोकुजीला वाटलं. बसली असती तर सुटला असता.

"म्हणजे मी नाही मारलं?"

"नाही, सेन्सेई."

"माझे हात ठीक आहेत?"

"ठीक आहेत."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला आणि मघापेक्षाही खाली वाकला. "उपकार झाले रे, सांगितलंस. फार उपकार झाले." त्यात टोमणा नव्हता. म्हातारा खरंच हसत होता, गालांवरून पाणी वाहत होतं.

गुरू वाकल्यावर शिष्यानं त्याहून खाली जायचं असतं. तोकुजी उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ फरशीला टेकवलं. सेन्सेई गेले, गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला, तरी त्याला मान वर करवेना. किनुएनं चहा तसाच आत नेला. उठा, म्हणून काही ती म्हणाली नाही.