एकशे चौदा नंबरचा पेपर

“एकशे चौदा नंबर कोण?”

 बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि पेपर उंच धरला. “कोण आहे ते उभं राहा. माझ्या वर्गात एकशे तेरा जण आहेत. हे एकशे चौदावं कुठून उगवलं?”

मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. शेवटचा बाक जुन्यांचा. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात जो एकदा नापास झाला त्याला बाई ‘जुना’ म्हणत. मी दोनदा झाले होते, तेव्हा माझ्या जुनेपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. खरं नाव बाईंनी कधी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर मी घाबरून पडलेच असते.

पोरं त्यांना ॲसिडबाई म्हणत. ठरल्या मिनिटाला वर्गाचं दार बंद व्हायचं, मग बाहेर साक्षात प्राचार्य उभे असोत. सत्तरपैकी पंचवीसला पास, आणि चोवीस म्हणजे नापास. त्या चोवीसवाल्यांनी रडून पाहिलं, आईबापांना आणून पाहिलं, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत. तास संपला की फळा स्वतः पुसून जायच्या, अगदी कोपऱ्यातलं बारीक टिंबसुद्धा. उतरवून घ्यायचं राहिलं असेल तर ते राहिलं. पहिल्या वर्षी पहिल्या चाचणीत मला नऊ मार्क होते. पेपर देताना बाई फक्त “नऊ” एवढंच म्हणाल्या, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

“कुणीच नाही?” बाईंनी पेपर उघडला. “मग उत्तर तरी ऐका. ‘हे इथून उचलायचं, ते तिकडे द्यायचं, आणि याचं तोंड याच्याकडे करायचं.’ काय उचलायचं? कुणाचं तोंड कुणाकडे?”

अख्खा वर्ग खो खो हसला. बाई कुणाची अशी जाहीर थट्टा करत आहेत आणि ती आपली नाही, हे सुख त्या वर्गात फार दुर्मीळ होतं. मी हसले नाही. मी फळ्याशेजारच्या लहान दाराकडे बघत होते. ते दार सामानाच्या खोलीत उघडायचं, आणि त्या दारात ब्युरेटचा स्टँड हातात धरून मामा उभे होते.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. द्रावणं करायची, काचसामान धुवायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, हे सगळं त्यांच्याकडे. मामा ते सगळ्यांचेच, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या हेडक्लार्कचेसुद्धा. बारावी झाल्यावर ते याच कॉलेजात प्रवेशाचा अर्ज घ्यायला आले होते. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, प्रयोगशाळेत माणूस हवाय, लगेच लागशील. वडील म्हणाले, वर्षभर कर, घर जरा सावरू दे, पुढच्या वर्षी शिक. त्या पुढच्या वर्षाला आता एकतीस वर्षं झाली होती.

बाई आल्या त्याला सव्वीस. त्या सव्वीस वर्षांत मामांनी बाईंचा एकही तास चुकवला नव्हता. तास वर्गात चालायचा आणि मामा दाराच्या पलीकडे बाटल्या पुसत उभे असायचे. अडचण एकच होती. दार फळ्याच्याच भिंतीत. तिथून आम्ही सगळे दिसायचो, पण फळा दिसायचा नाही. बाई बोलायच्या ते शब्द न् शब्द ऐकू यायचं, आणि लिहायच्या ते काहीच दिसायचं नाही. बरं, आत येऊन बघावं, तर दार बंद झाल्यावर बाईंच्या वर्गात पाऊल टाकायची कुणाची छाती होती? तास संपून मामा आत येईपर्यंत फळा स्वच्छ. पुस्तकं त्यांनी चाळली होती, पण बाई पुस्तकातलं शिकवतच नसत. त्यांचं सगळं स्वतःचं. राहता राहिली माझी वही. मामांनी ती एकदा उघडली, दोन पानं पाहिली आणि मिटून परत दिली.

“तुमची तोंडं दिसतात ना मला,” ते म्हणायचे. “कुणाला कळलं, कुणाला नाही, ते लगेच दिसतं. तुला अजून एकदाही कळलेलं नाही.”

“मामा, गप्प बसा.”

“अगं, मला तरी कुठे कळलंय? आपण दोघंही जुनेच.”

जुन्यांना प्रयोग पुन्हा करावे लागायचे, म्हणून माझा निम्मा दिवस त्या सामानाच्या खोलीत जायचा. माझा हात जड. रंग पालटताक्षणी थांबायचं असतं तर मी दोन थेंब पुढे जायची, आणि अख्खा फ्लास्क गडद गुलाबी. मामा मागून हलकेच म्हणायचे, “थांब. आता थेंबाची वाट बघ.” हे वाक्य बाईंचं होतं. त्यांचं पुष्कळ बोलणं बाईंचंच होतं, अगदी मध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा.

त्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. बातमी कळली तेव्हा पोरांनी कॅन्टीनमध्ये पार्टी केली. मामा मात्र दोन दिवस बाटल्यांवरच्या चांगल्या चिठ्ठ्या काढून नव्या लावत बसले. तिसऱ्या दिवशी पिपेट धुताधुता म्हणाले, “जुने, एक विचारू? हसणार नाहीस ना?”

“नाही.”

“मी बसलो असतो तर पास झालो असतो का गं?”

“कशाला बसला असतात तर?”

“बाईंच्या परीक्षेला. दुसऱ्या कुणाच्या नाही हां. नवीन कोणी येईल, तो खिरापत वाटल्यासारखे मार्क वाटेल, त्याचं मला काय? बाईंच्या हातून पास व्हायचं होतं मला.” ते हातातल्या नळीकडे बघत राहिले. “एवढी वर्षं वाटत होतं, आहे अजून वेळ. आता त्याच निघाल्या.”

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. सत्रअखेरच्या परीक्षेत मी एक जास्तीची उत्तरपत्रिका आणि उरलेली प्रश्नपत्रिका दप्तरात सारली. दुपारी दुसऱ्या वर्गाचा पेपर चालू होता, तेव्हा मामांनी सामानाच्या खोलीत, बाटल्यांच्या टेबलावर, उभ्याने तीन तास पेपर लिहिला. घड्याळ लावून. मध्ये मी पाणी विचारलं तर म्हणाले, “परीक्षेत बोलू नये.” मग मी तो बाईंच्या टेबलावरच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात घुसवला आणि वर अकलेचा दिवा लावून नंबर टाकला, एकशे चौदा.

आणि आता बाई तो वर्गात वाचत होत्या, वर्ग हसत होता, आणि मामा हातातला स्टँड खाली ठेवायचं विसरून तसेच उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी पान उलटलं आणि त्या थांबल्या. तपासताना त्यांनी फक्त उत्तरं पाहिली असावीत. पेपरात प्रत्येक सूत्राभोवती व्यवस्थित चौकट आखलेली होती, आणि प्रत्येक उत्तराखाली तारीख. बाईंनी समोरच्या टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सूत्र, सूत्राभोवती चौकट, खाली तारीख. सव्वीस वर्षं तेच अक्षर. दुसऱ्या कुणी पेपर लिहिताना चौकटी आखल्या नसत्या. मामांना सूत्र लिहायचं म्हणजे चौकट आलीच.

बाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं नाही. त्यांनी पेपर मिटला आणि हसणाऱ्या वर्गाला म्हणाल्या, “पुरे.” एका शब्दात सगळे गप्प झाले. “एकवीस. पासला पंचवीस लागतात.” आणि त्यांनी पुढचा पेपर उचलला.

तास संपल्यावर मी खोलीत धावले. मामा नळाखाली एकच चंचुपात्र पुन्हा पुन्हा धूत होते.

“एकवीस म्हणजे अगदीच वाईट नाही ना?” त्यांनी विचारलं.

“मला पहिल्यांदा नऊ होते.”

“ते आहेच म्हणा.” नळ बंद करून म्हणाले, “पण कुणाचं तोंड, असं मलाच विचारलं त्यांनी. मला काय माहीत? बाई दर वर्षी म्हणतात, याचं तोंड याच्याकडे. मला वाटायचं, फळ्यावर माणसं काढत असतील. एकमेकांकडे तोंड करून उभी असलेली.”

मला हसू आलं, आणि मग हसता येईना.

इतक्यात दारात बाई आल्या. हातात त्यांची मार्कांची वही होती. त्यांचा नियम होता, मार्क पाहिले की वहीत सही करायची, मग मार्क नऊ असोत की साठ. वही त्यांनी बाटल्यांच्या टेबलावर उघडली. सर्वांत खाली, त्यांच्या टोकदार अक्षरात, एकशे चौदा लिहिलेलं होतं आणि पुढे एकवीस.

“सही करा,” बाई म्हणाल्या.

मामांनी हात शर्टाला पुसले आणि सही केली. सहीखाली सवयीने तारीखही घातली. 

“एकवीसच का, विचारायचं नाही?”

“नाही बाई. बरोबरच असणार.”

“गणितं बरोबर आहेत. प्रयोगाचा प्रश्न तर माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. आकृत्यांचे सगळे गेले.” बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिथून समोर वर्गाकडे. बराच वेळ पाहत राहिल्या. “इथून फळा दिसत नाही?”

“नाही बाई.”

“आणि कधी सांगितलं नाहीत.”

“काय सांगायचं, बाई? मी काय वर्गात होतो?”

बाईंनी वही मिटली. “मार्क वाढणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नकोच,” मामा घाईने म्हणाले.

पुढच्या सोमवारी बाईंचा शेवटचा तास होता. निरोपाचं भाषण होईल, निदान डोळे तरी भरून येतील, अशी पोरांची आशा होती. बाईंनी ठरल्या मिनिटाला वर्गाचं दार बंद केलं, खडू घेतला, आणि पहिल्या महिन्यात शिकवलेला धडा पुन्हा काढला.

“डावीकडे ऑक्सिजन लिहिते,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “त्याला दोन हायड्रोजन, दोन रेघांनी जोडलेले. हे पाणी. ऑक्सिजनच्या डोक्यावर दोन टिंबं, शेजारी शेजारी. ते दोन इलेक्ट्रॉन. आता उजवीकडे, हातभर अंतर सोडून, एक हायड्रोजन, मग आडवी रेघ, मग क्लोरीन. त्या दोन टिंबांपासून बाण काढते. बाण वरून वळून खाली येतो. त्याचं तोंड, म्हणजे टोक, उजवीकडच्या हायड्रोजनला टेकतं.”

वर्गात कुजबुज सुरू झाली. बाई कधीच असं शिकवत नसत. बोलायच्या कमी आणि लिहायच्या जास्त. माझ्या पुढचा मुलगा शेजारच्याला म्हणाला, “म्हातारीला दिसेनासं झालं की काय?”

“दुसरा बाण,” बाई थोडा आवाज चढवून म्हणाल्या, “हायड्रोजन आणि क्लोरीनच्या मधल्या रेघेपासून. टोक क्लोरीनवर. लिहून झालं?”

असं त्यांनी आम्हाला आजवर कधी विचारलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. पलीकडच्या खोलीत बाटली ठेवल्याचा आवाज झाला. बाई जरा थांबल्या आणि पुढचं सांगू लागल्या.

घंटा झाली. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले, पर्स उचलली आणि फळा न पुसता निघून गेल्या. भाषण नाही, काही नाही. पोरं ओरडत बाहेर पळाली.

मी तिसऱ्या खेपेला पास झाले, सव्वीस मार्क मिळवून. आता एका कारखान्यात रंग तपासते, आणि सूत्राभोवती चौकट घातल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. पण त्या तासाची आठवण आली की मला पुन्हा वीस वर्षांची होऊन त्या शेवटच्या बाकावर बसावंसं वाटतं, नापास तर नापास.

त्या दिवशी तास संपल्यावर प्रयोगवही ठेवायला मी सामानाच्या खोलीत गेले. मामा तिथे नव्हते. टेबलावर चिठ्ठ्यांच्या कागदाचं एक पान नुकतंच फाडलेलं होतं. मी फळ्याशेजारच्या लहान दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

मामा पहिल्या बाकावर बसले होते. समोर तो कागद ठेवून, पेन हातात घेऊन, ते एकदा कागदाकडे आणि एकदा फळ्याकडे बघत होते. एका जागी त्यांनी काहीतरी खोडलं, नीट केलं, आणि त्याभोवती चौकट आखली. मग पेन खाली ठेवून नुसते बघत बसले.

मी दारात उभी होते. तिथून फळा दिसत नाही. मला मामांचं तोंड दिसत होतं.