शिंप्याच्या आरशातलं इंग्रजी

पोट आत घेऊ नका, मला सगळं कळतं. मी शिंप्याच्या दुकानातला उभा आरसा बोलतोय.

कारखान्यात काचेच्या पाठीला लेप लागला आणि मला जग दिसू लागलं. पहिल्या दुकानदाराने मात्र मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आमच्या शिंप्याने मला तिथून सोडवलं, चांगल्या लाकडी चौकटीत बसवलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहतात आणि वर सांगतात, "जरा सैलच शिवा हो, कापड आटतं." कापड आटतं म्हणे!

यंदा खुद्द शिंपीच माझ्यासमोर अवघडला. दूरदेशी वाढलेली नात पहिल्यांदाच यायची होती. तिला आपली भाषा येईना, याला इंग्रजी. तिच्यासाठी निळा कोट शिवून तयार होता. पण तो घालून बघ, हे आपल्याच तोंडाने सांगायचं, मध्ये कुणी दुभाषी नको, असा याचा हट्ट. लेकीने फोनवरून आईला, म्हणजे याच्या बायकोला, शिकवलं, आणि तिने याला.

"टेक म्हणजे घे, ऑफ म्हणजे बंद," शिंपी वैतागला. "घेऊन बंद काय करू? पंखा?"

काजं करता करता बायको हसली. "अहो, सुटे शब्द काय मोजताय? नुसती बाही घालून कुणी फिरतं का? जोडली की सदरा होतो. तुमचा तो जुना कोट चढवा बघू. हं, ट्राय ऑन. आता उतरवा. टेक ऑफ. कंबर सैल वाटली तर आत घ्यायची, टेक इन."

"माझी कंबर?"

"तुमची उसवून सैलच करावी लागेल. त्याला लेट आउट म्हणतात."

मग काय, गिऱ्हाईक ताटकळलं तरी याचं माझ्यासमोर कोट चढवणं-उतरवणं चालूच.

नात आली आणि आईच्या मागे लपली. शिंप्याने कोट पुढे धरला, तोंड उघडलं, शब्द गायब! कान लालबुंद. लेक मदतीला सरसावली, तर बायकोने तिचा दंड धरून ठेवला.

गोंधळून तो माझ्याकडे वळला. सवयीने हात त्या इवल्याशा बाहीत घातला आणि कोपराशी अडकला.

नात खुदकन हसली. "आजोबा, टेक इट ऑफ!"

शिंप्याने पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूच हात सोडवला, कोट तिच्यापुढे धरला. "ट्राय इट ऑन."

तिने घातला. माझ्यासमोर गिरकी घेतली, पोट आत न घेता.

माझ्या कडा आता काळवंडल्यात. नवा आरसा घ्या, असं गिऱ्हाइकं सुचवतात. घ्या बापडे! पण मला पुन्हा भिंतीकडे वळवू नका. पोरगी वाढतेय. पुढे कोट सैल करता यावा म्हणून शिंप्याने शिवणीत भरपूर माया सोडलीय, आणि मला त्याच्या तोंडून 'लेट आउट' ऐकायचंय.