ट्रॅक्टर बंद कर, लायल

"ट्रॅक्टर बंद कर, लायल!"

व्हर्ना फाटकाच्या मधोमध कुऱ्हाड घेऊन उभी होती. समोर दिराचा ट्रॅक्टर, त्यावर गवताचा भला मोठा गठ्ठा. तिच्या पाठीमागे सगळा काळा कळप कुंपणाला चिकटून हंबरत होता.

"गाई उपाशी आहेत, व्हर्ना. ऐकू येत नाही का?"

"येतंय की! काल मी गावात गेले तेवढ्यात तू एक गठ्ठा टाकलास ना? आता महाराणी बसल्यात वाट बघत, पुढचं ताट कधी येतंय म्हणून."

लायल मनाने वाईट नाही. अवेळी पाऊस पडून गोठला, बर्फावर काचेसारखा कडक थर धरला, आणि त्याला गाईंची दया आली. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवानात ही दया महागात पडते. ट्रॅक्टर एकदा चारा घेऊन आला की गाई उकरायचं सोडून देतात.

आणि व्हर्नाचा सगळा हिवाळा उकरण्यावरच चालला होता. नवरा, मेल, गेल्यावर तिने गठ्ठे बांधायचं यंत्र विकलं. जवासारखं ओटाचं पीक कापलं आणि शेतातच ओळींनी पाडून ठेवलं. वर बर्फ पडेना का, गाईंनी तोंडाने उकरून खावं. गाईंपुढची विजेच्या कुंपणाची तार थोडी थोडी पुढे सरकवली की नासाडीही नाही. हा बेत तिने गावात कॉफीच्या टेबलावर सांगितला, तेव्हा आम्ही शेजारी पोट धरून हसलो. तिने कप खाली ठेवला.

"उन्हाळाभर डिझेल जाळून चारा गाईंपासून लांब न्यायचा, हिवाळाभर डिझेल जाळून तोच परत आणायचा. मेलचा जन्म यात गेला. गाईंना चार पाय काय शोभेला दिलेत?"

आम्ही आणखी मोठ्याने हसलो.

आता फाटकापाशी लायलने इंजिन बंद केलं. "हट्ट पुरे झाला. गाई लिलावाला न्यायचा ट्रक बोलव. मेलच्या गाई मी अशा मरू देणार नाही."

"मेल गेला. गाई माझ्या आहेत. अंधार पडेपर्यंत त्यांनी खाल्लं नाही तर ट्रकला मीच फोन करीन. तोवर इथून एक काडी आत येणार नाही."

ती ओटाच्या ओळीपाशी गेली आणि घाव घालू लागली. थर फुटला, खालून पिवळं ओट दिसलं. तिला धाप लागली होती.

"टिली! ये गं बाई."

टिली कळपातली सगळ्यांत म्हातारी. दात झिजून हिरड्यांना टेकलेले. शरद ऋतूत तिला विकून टाक म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. "तिला दात नाहीत, पण डोकं आहे," म्हणून व्हर्नाने ठेवून घेतली.

टिलीने गप्प उभ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग सावकाश आली, खुराने थर दाबला आणि तोंड आत घातलं. थराला ढुसण्या देत ती ओळीने पुढे सरकली. तिच्यामागे एक गाय आली, मग दुसरी, मग कालवडी. हंबरणं थांबलं.

"जिंकलीस बाई," लायल म्हणाला.

"गठ्ठा फाटकाबाहेर उतरव आणि घरी जा."

"म्हणजे लागणारच होता!"

"हो. एकीला."

परत जाताना त्याने इंजिन सुरू केलं तशा दोन-चार माना वर झाल्या. टिलीने मान वर केली नाही. मग त्याही खाली गेल्या.

व्हर्ना मात्र टिलीकडेच बघत होती. बर्फाने टिलीचं नाक कापलं होतं, आणि अर्धवट चावलेले ओटाचे बोळे तिच्या तोंडातून पुन्हा बर्फावर पडत होते. इतरांना वाट करून दिली, पण तिच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

दिवस कलल्यावर व्हर्नाने गठ्ठ्यातलं मऊ गवत निवडलं, लहान घसरगाडीवर घातलं आणि स्वतः ओढत शेडच्या मागे नेलं. टिलीला तिने एकटीलाच तिथे बोलावून घेतलं. कळपाला काही कळलं नाही.

टिली खात होती. वारा जिकडून येत होता, त्या बाजूला व्हर्ना तिला पाठ टेकवून, वारा अडवत उभी राहिली.