आंधळी मुंडी

माळकरी माणसानं खाटकाच्या दुकानाकडं बघू नये, हे बीबीजानला मान्य होतं. बघायचंच असेल तर मटण घ्यावं, तेही मान्य होतं. पण वाल्मीक मास्तर तिसरंच काहीतरी करत होता. दर बाजाराच्या दिवशी तो मागच्या दारानं यायचा, गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत कोंबायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि बोकडाचे डोळे मागायचा. नुसते डोळे. शाळेत पोरांना दाखवायला म्हणे.

डोळे गेले की मुंडी राहायची आंधळी, आणि पौडच्या बाजारात आंधळी मुंडी घेतो कोण? मुंडीचं नेहमीचं गिऱ्हाईक कुशाबा तर तिच्याशी आधी नजरानजर करायचा, मगच पिशवीत टाकायचा. मागच्या बाजारी त्यानं ती उलटीपालटी करून ठोकळ्यावर परत ठेवली आणि विचारलं, "बीबीमावशी, हे बोकड चष्मा घरी इसरून आलं व्हतं का काय?" सगळं गिऱ्हाईक हसलं. आपल्या ठोकळ्यावर दुसऱ्या कुणी हसवलेलं बीबीजानला चालत नसे.

नबीलाल, तिचा नवरा, गेल्यापासून ठोकळ्यामागं तीच बसायची. मुलगा अन्वर बोकड कापायचा, सोलायचा; तुकडे मात्र तिनंच पाडायचे. तिनं सत्तूर उचलला की तो सांध्यातच पडणार, हाडाची कपची उडायची नाही, ही तिची ख्याती थेट भुकूमपर्यंत. शाळा दुसरीतच सुटली होती, त्याचं तिला काही वाटत नसे. "पोथीत सांधा कुटं असतोय?" म्हणायची.

हल्ली मात्र सत्तूर सांध्याच्या शेजारी पडू लागला होता. उजव्या डोळ्यापुढं दुधावर धरावी तशी साय धरली होती. बीबीजान कधी म्हणायची कंदिलाची काच काजळलीय, कधी म्हणायची औंदाची बोकडंच वाकड्या हाडाची. सून गुलशन ऐकून घ्यायची आणि गुपचूप मटणातल्या कपच्या वेचून काढायची. पुढच्या रविवारी पुण्याचे डॉक्टर पौडला डोळ्यांचं शिबिर घेणार होते. गुलशननं सासूचं नाव परस्पर नोंदवून चिठ्ठी आणली. बीबीजाननं ती चुलीत घातली.

"अम्मा, लई बारीक काम असतंय म्हणत्यात."

"मला सांगतीस? चाळीस वर्सं डोळे काढतिया मी. बोट घालायचं, पीळ द्यायचा, सुरी फिरवायची. काढलेला डोळा परत बसलेला एक तरी दाव मला!"

रात्री मात्र बीबीजानला झोप नव्हती. साय वाढली तर ठोकळा अन्वरकडं जाणार. अन्वर मटण तोडायचा ते जळण फोडल्यागत.

अशात बाजाराचा दिवस आला आणि रुमालासकट मास्तर आला.

"मास्तर, चार बाजार झालं. शाळेत डोळं पेरताय का काय?"

मास्तर खाली बघत म्हणाला, "मावशी, खरं सांगू? एकही धड फोडता आला नाही. ब्लेड लावलं की साबणासारखा निसटतो. एक तर फळ्यावर जाऊन आपटला. उद्या तपासणीला साहेब येणार आहेत आणि त्यांच्यापुढं डोळ्याचाच धडा घ्यायचाय."

बीबीजाननं कपाळावर हात मारला. एवढ्या मुंड्या वाया गेल्या त्या ह्या हातांपायी! "सरका तिकडं. पोटात ढवळलं तर दाराकडं तोंड करा."

अन्वरनं आज दोन मुंड्या काढून ठेवल्या होत्या. एका कोवळ्या बोकडाचा डोळा तिनं डाव्या चिमटीत धरला. समोरून सुरी लावलीच नाही. कडेला, पांढऱ्या भागात टोक टोचलं आणि कैरी सोलताना फिरवावी तसा डोळाच सुरीवर फिरवला. हे काम बघून करायचं नसतंच, बोटांना कळतं. डोळ्याचं पुढचं टोपण निघालं. आत मोराच्या पिसासारखा निळाहिरवा रंग चमकला आणि अंड्याच्या पांढऱ्यासारख्या गिळगिळीत गोळ्यातून भिजल्या हरभऱ्याएवढा मणी घरंगळला. काचेसारखा स्वच्छ.

चाळीस वर्षं डोळे काढून तिनं एकही उघडून पाहिला नव्हता.

मास्तर रुमाल विसरला. त्यानं मणी मटण बांधायच्या वर्तमानपत्रावर ठेवला. खालचं अक्षर टम्म फुगलं. मग त्यानं तो चिमटीत धरून तिच्या डाव्या डोळ्यासमोर, दाराकडं केला. दारात कुशाबा मुंडीची वाट बघत उभा होता. मण्यात त्याचं डोकं खाली नि पाय वर.

"आपल्याही डोळ्यात चित्र असंच उलटं पडतं, मावशी. मेंदू ते सरळ करून घेतो."

"कुशाबाचा न्हाई करत," बीबीजान म्हणाली, "तरीच हिशेब उलटा बोलतोय मेला."

दुसरी मुंडी कोंडाजीकडून आणलेल्या म्हाताऱ्या बोकडाची होती. त्या डोळ्यातला मणी निघाला तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढरा, पण मोठा. वर्तमानपत्रावर ठेवला तर खालचं अक्षर फुगलं नाही, नाहीसंच झालं. बीबीजाननं तो दोनदा उचलून ठेवला. तिच्या उजव्या डोळ्यापुढं असायचा तोच रंग होता.

"ह्याला काय झालंय?" तिनं मणी मास्तरापुढं सरकवला.

"मोतीबिंदू. उजेड आत जात नाही. डॉक्टर काढतात तो फक्त हा मणी. डोळा जागच्या जागी राहतो."

"अन् मणी गेल्यावर बघायचं कशानं? फसवता का मला?"

मास्तरनं खिशातून शाळेचं भिंग काढलं आणि त्याच कागदावर धरलं. अक्षर टम्म फुगलं, मघाच्या मण्याखाली फुगलं होतं तसंच. "जाड काचेचा चष्मा देतात. आतल्या मण्याचं काम तो बाहेरून करतो."

बीबीजाननं भिंग हिसकावून घेतलं. कागदावर धरलं, बोटावर धरलं, सत्तुराच्या धारेवर धरलं. धारेत दोन खाचा होत्या. त्या तिला आजच दिसल्या. मग तिनं मान वळवली. आतल्या दारात गुलशन पदराचा बोळा तोंडाला लावून उभी होती.

"कोंडाजीचं बोकड बरं आजच कापलं अन्वरनं. मास्तर, माळेची शपथ घालू का खरं सांगताय?"

मास्तरचे कान लाल झाले. "तपासणी खरीच आहे, मावशी. फुटलेले डोळेही खरेच. म्हाताऱ्या बोकडाचं तेवढं... गुलशनवहिनी म्हणाल्या, अम्मा सांगून ऐकायच्या नाहीत, दाखवलं तर ऐकतील."

"अस्सं." बीबीजाननं दोन्ही मणी पळसाच्या पानात बांधले आणि त्याच्या हातात ठेवले. भिंग मात्र परत दिलं नाही. मग ती दारातल्या कुशाबालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक मास्तरा. खोटं बोलायला तू कच्चा, सुरी धरायला त्याहून कच्चा, पर दाखवायला पक्का हायेस. उद्या सायबापुढं डोळा फोडायला मी येते, न्हाईतर तू त्याच्याच अंगावर उडवशील. अन् रविवारी शिबिराला तू माझ्यासंगं यायचं. डॉक्टरचा हात मी आधी बघणार. तुझ्यासारखा असला तर त्याला महिनाभर ह्या ठोकळ्यावर बसवीन, अन् मगच डोळा दीन!"