लोकरीच्या दोऱ्याखाली बोटभर

मी एक माप आहे. अर्ध्या शेराचं, रॉकेल मोजायचं. माझ्या अंगाला घाण येते हे मला ठाऊक आहे, तेव्हा थोडं लांब बसून ऐकलंत तरी मला राग येणार नाही. फक्त ती घाण तेलाची आहे असं समजू नका. तेल जमिनीतून निघतं तसंच असतं. मला घाण लागली ती नंतर.

माझा जन्म मानवतच्या पेठेतला, अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यातला. रॉकेलचा रिकामा डबा कापून एका म्हाताऱ्या टिनवाल्याने मला घडवलं. डबा परदेशातून आला होता. त्याच्यावर निळ्या जहाजाचं चित्र होतं. कात्री चालली तेव्हा जहाज तुटलं आणि माझ्या कुशीवर नुसतं शीड आलं. पत्रा विलायतेचा, त्यातलं तेल इराणकडचं आणि हात मानवतचे, म्हणून मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. तो दोन तास टिकला.

धरायला कान लावून, सांध्यांना डाग देऊन म्हाताऱ्याने मला दुकानात नेऊन दिलं. दुकान बन्सीधर शेठचं. तेल, मीठ, दोरखंड असला माल. शेठने मला हातात घेतलं, बुडावर टिचकी मारली आणि म्हणाला, "बूड जरा वर घे."

म्हातारा म्हणाला, "सेठ, तला ऊपर लिये तो माल कम आता."

"तेच की."

म्हातारा क्षणभर थांबला. मग त्याने मला पालथं घातलं, लाकडी मोगरी घेतली आणि बुडावर ठोकू लागला. माझं बूड आत गेलं, पालथ्या वाटीसारखं वर आलं. मजुरी घेताना तो एवढंच बोलला, "आपकी दुकान, आपका ईमान." मला वाटलं होतं तो ठोकणार नाही. पण त्यानेही ठोकलंच.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. चार-पाच मुक्काम उत्तरेला गेलं की वऱ्हाड लागायचं, म्हणजे दुसरा मुलूख. तिथला रुपया कलदार, आमचा हाली. सात हाली मोजले की सहा कलदार यायचे. सरहद्द ओलांडून येणाऱ्या मालावर निजाम सरकार जकात घ्यायचं, तिला करोडगिरी म्हणत. तेच तेल, एकाच जहाजातून उतरलेलं, वऱ्हाडात अडीच आण्याला मिळायचं आणि मानवतला साडेतीनला. नाणं बदलायचा बट्टा धरला, करोडगिरी धरली, तर हा हिशोब बरोबर होता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राज्य म्हटलं की कर आला. माझं म्हणणं आहे ते बुडाबद्दल.

हे दोन भाव आमच्या दुकानात सगळ्यात नीट कुणाला ठाऊक असतील तर ते केवळाबाईला. ती मेंढरंवाली. मानवतहून दोन कोसांवर त्यांची वस्ती. नवरा रायभान, सासू सुगंधाबाई आणि पन्नासेक मेंढरं. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन वऱ्हाडात चरायला जायची आणि उन्हाळा संपता संपता परत यायची. तिथे असताना तेल तिथलं, इथे असताना आमच्याकडचं.

केवळाबाईची रॉकेलची एकच काचेची बाटली होती. वऱ्हाडात अर्धा शेर तेल घेतल्यावर ते जिथवर आलं, तिथे तिने बाटलीला काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळून गाठ मारली होती. आमच्या दुकानात पहिल्यांदा तेल घेतलं तेव्हा तिने बाटली उन्हात धरली. तेल दोऱ्याच्या बोटभर खाली होतं.

"शेठ, ह्ये कमी हाय."

"कमी कसं? तुझ्यासमोर मोजलं."

"वऱ्हाडात अर्धा शेर दोऱ्याला लागतंय."

शेठ हसला. "अगं, तो इंग्रजी मुलूख. तिकडचा रुपया मोठा, तसा तिकडचा शेर बी मोठा. आपला हाली लहान, आपला शेर लहान."

ती विचारात पडली. तिला ते पटलं आणि मला त्या क्षणी पहिल्यांदा शिसारी आली. पण तिला का पटू नये? नाणं बदलताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. नाक्यावर गाठोडं सोडून दाखवलं होतं. सरहद्द ओलांडली की सगळंच थोडं कमी होतं हे तिला अनुभवाने माहीत होतं. मग शेरच तेवढा कसा सुटेल? शेठने खोटं उभं केलं ते अशा खऱ्या गोष्टींच्या रांगेत की ते ओळखूच येऊ नये.

त्याच वर्षी पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. पेठेत पेढे वाटले. शेठनेही वाटले. त्याच हाताने त्याने मला डब्यात बुडवलं. हाली, करोडगिरी आणि त्याचा 'लहान शेर' मात्र चालूच राहिले.

त्या बोटभर तेलाचं काय होतं ते मला दुकानातल्या बोलण्यातूनच कळत गेलं. बाजार ते बाजार पुरायचं तेल बाजाराच्या आदल्या संध्याकाळी संपायचं. रायभान एकदा बायकोबरोबर आला होता. उंच, अबोल माणूस. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "शेठ, हिला सांगा जरा. वात लय वर ठिवती. वऱ्हाडात पुरतंय अन् हितं पुरंना."

"मी वात खालीच ठिवते," केवळाबाई म्हणाली. "तुमीच बघा की येक दिस."

"काय बघू? तेल का बोलायलंय?"

मी बोलू शकत असतो तर! खिळ्याला टांगलेला मी दोघांमध्ये लोंबत होतो, आणि शेठ म्हणत होता, "बायकांच्या हाताला काटकसर नसते, रायभान." दोघांनी तेल घेतलं आणि तो पुढे, ती मागे अशी निघून गेली.

पुढच्या एका भादव्यात, बाजाराच्या दिवशी, केवळाबाई सासूबरोबर आली. कपाळ मोकळं होतं. शेठच्या दुकानात माणिकराव बसलेले होते. ते कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि दुपारी आमच्याकडे येऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. त्यांनीच विचारलं, "काय झालं, बाई?"

सुगंधाबाई बोलली. "काय हुणार? मागच्या बाजाराच्या आदल्या राती तेल सरलं. कोकरू वरडायलं म्हणून माझं लेकरू आंधारात मेंढरांच्या वाड्यात गेलं. पान लागलं." साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. "ह्या उधळीनं तेल जाळलं. कंदील आसता तर त्याला दिसलं नसतं का?"

केवळाबाई म्हणाली, "आत्याबाई, मी जाळलं न्हाई."

"मग कुटं गेलं?"

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले त्या एकाच संध्याकाळपाशी जाऊन बसतात. काय केलं असतं, काय नसतं केलं. दुसरं काही सुचत नाही त्यांना. सुगंधाबाईचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. तिने उत्तर मागितलं होतं आणि ते खिळ्याला टांगलेलं होतं.

शेठने ते सगळं ऐकलं. मला वाटलं, आज तरी. निदान आजच्या दिवशी काठावरून थोडं जास्त ओतेल. त्याने मला डब्यात बुडवलं, काठोकाठ भरलं, बाटलीत रिकामं केलं. तेल दोऱ्याखाली बोटभर. मग त्याने बरणीतून गुळाचा एक खडा काढून सुगंधाबाईच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "देवाची मर्जी." तो गूळ मी कधी विसरलो नाही.

नंतरची वर्षं भराभर गेली. रायभान गेल्यापासून या दोघींचं वऱ्हाडात जाणं सुटलं होतं. करोडगिरी उठली. शेठने भाव उतरवला, पण जेवढी करोडगिरी गेली त्याच्या अर्धाच, म्हणाला, "जुना माल हाय, त्याच्यावर भरलेली हाय." जुना माल वर्षभर पुरला. मग हाली गेला. एके दिवशी केवळाबाईने काउंटरवर कलदार पैसे ठेवले आणि विचारलं,

"शेठ, रुपया येक झाला. मग शेर कवा येक व्हायचा?"

बसलेली माणसं हसली. शेठही हसला. "ते दिल्लीवरनं यावं लागतं, बाई."

"चालत यायलंय का?"

छप्पन्न साली मानवत आणि वऱ्हाड एकाच राज्यात आले. सरहद्द नावालाही उरली नाही. त्याच सुमाराला सुएझचा कालवा बंद पडला. माणिकरावांचं वर्तमानपत्र रोज तेलानेच भरलेलं असायचं.

"ऐका शेठ. विलायतेत पेट्रोलवर गॅलनमागं शिलिंगभर कर वाढवला. मोटारवाल्यांना तेल चिठ्ठीवर! आणि अमेरिकेत म्हणे अजून स्वस्त. तिथं त्यांचं घरचंच तेल."

केवळाबाईच्या बाटलीत तेल ओतता ओतता शेठ म्हणाला, "ऐकलंस का, केवळाबाई? साहेब लोक रडायलेत. अन् तू अर्ध्या शेराचं रडायलीस."

ती बाटलीला बूच लावता लावता म्हणाली, "साहेबाच्या बाटलीला बी येक दोरा बांधून बघा म्हणावं."

माणिकराव खूप हसले. शिकलेला, सज्जन माणूस. चार देशांचे भाव आणि कर त्यांना तोंडपाठ होते, कुठे सरकार किती घेतं आणि व्यापारी किती, हे ते बोटांवर सांगत. आठ वर्षं ते माझ्यापासून दोन हातांवर बसत होते. एकदाही त्यांनी मान वाकवून माझं बूड पाहिलं नाही. त्यांचाही मला वीट आला होता, हे मी लपवत नाही.

यंदा, साठच्या उन्हाळ्यात, दिल्लीहून शेर एक होऊन आला. म्हणजे शेर गेला आणि लिटर आला. शेठने चकचकीत, सरकारी छापाची नवी मापं आणली. जुन्या मापांची कुणी तपासणी केली नाही. जी वस्तू मोडीतच जायची, ती तपासून काय करणार? मला पायरीजवळच्या टोपलीत टाकलं, मोडीत द्यायला. मला हायसं वाटलं आणि त्याचीही लाज वाटली. खोटं पकडलं न जाताच संपणार होतं.

केवळाबाई आली. सुगंधाबाई पायरीवर बसली; तिला आता नीट चालवत नव्हतं. शेठने नव्या मापाने अर्धा लिटर ओतलं. केवळाबाईने सवयीने बाटली उन्हात धरली.

तेल दोऱ्याच्या वर होतं.

तिने बाटली फिरवून दोरा पुन्हा पाहिला. शेठ म्हणाला, "लिटर मोठा असतो, बाई." आणि हे मात्र खरं होतं.

ती वळली तेव्हा मी तिला टोपलीत दिसलो.

"ह्ये जुनं माप द्या की."

"कशाला?"

"मेंढरास्नी औषध पाजायला."

"ने की, फुकट ने," शेठ म्हणाला.

माझं बूड त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. बारा वर्षं सांगून सांगून लहान शेराची गोष्ट बहुधा त्यालाच खरी वाटू लागली होती. खोटं बोलणारा निदान आठवणीत तरी ठेवतो, असं मला वाटत होतं. तेवढंही नाही.

वस्तीवर गेल्यावर तिने बाटलीतलं तेल कंदिलात आणि चिमणीत ओतलं. मग राख घेऊन मला घासायला बसली. बाहेरून घासलं, शीड निळं दिसू लागलं. आतून घासताना तिची बोटं थांबली. तिने मला पालथं केलं. पालथ्या बुडाच्या खळग्यात तिची तीन बोटं आणि अंगठा एकत्र बसले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हितं हात घाला."

सुगंधाबाईला नीट दिसत नाही. तिने चाचपून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. तिची बोटं तिथेच राहिली. मेंढरं वाड्यात हलत होती.

केवळाबाईने मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि बाटलीत ओतलं. पाणी दोऱ्याखाली बोटभर. मग तिने मेंढरं बांधायची लाकडी खुंटी माझ्या आत उभी धरली, आणि ती दगड उचलायला गेली, तर सुगंधाबाईने तो आधीच उचललेला होता.

"तू धर. मी ठोकते."

म्हातारी अंदाजाने ठोकत होती. दोन घाव काठावर बसले, एक केवळाबाईच्या बोटावर. तिने हात काढला नाही. मऊ मातीत माझं बूड हळूहळू खाली आलं आणि सपाट झालं. बाटली रिकामी करून तिने मला पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं.

पाणी बरोबर दोऱ्याला लागलं.

निजामाचा शेर, वऱ्हाडचा शेर, सगळे शेर एकच होते. सुगंधाबाईला दोरा दिसत नव्हता, म्हणून केवळाबाईने तिचं बोट धरून गाठीवर ठेवलं आणि म्हणाली, "हितवर आलं." सासू म्हणाली, "मी तुला लय बोलले, केवळे." दुखावलेलं बोट सुनेने तोंडात धरलं होतं.

आता मी वाड्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, टांगलेला असतो. आजारी मेंढराला औषध पाजायचं तेव्हा मला काढतात. मी पुरा अर्धा शेर आहे, आणि शेर कुठेच चालत नाही. त्याची मला खंत नाही.

तुम्ही तेल घ्यायला जाल तेव्हा कुणी तुम्हाला सांगेल, अमक्या देशात भाव एवढा, तमक्या देशात कर एवढा. खरंही असेल. ऐकून घ्या. पण ऐकता ऐकता मापाच्या बुडाला एकदा हात लावा. माझ्या दुकानात बारा वर्षांत तो कुणीच लावला नाही.

बाटलीचा दोरा केवळाबाईने अजून सोडलेला नाही.